रोज एक आवडतं गाणं, वर्षभर. ११८व्या दिवशी अडकलेय, मदत करा

सावलीतली_जाई
नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई जाऊन दोन वर्षं झाली. बाबा सांगलीत एकटेच असतात, मी पुण्यात, भाऊ बंगळुरात. फोन रोज व्हायचा, पण काय बोलायचो? जेवलात का, हो. बीपीची गोळी? घेतली. बरं, ठेवतो. दीड मिनिटात संपलं. आमच्या घरात बोलायचं काम आईकडे होतं हे ती गेल्यावर कळलं.

मग ३१ डिसेंबरला रात्री मी बाबांना म्हटलं, उद्यापासून वर्षभर मी तुम्हाला रोज माझं एक आवडतं गाणं पाठवणार आणि ते का आवडतं ते एका ओळीत लिहिणार. बाबा म्हणाले, "बघू."

पहिले चाळीस दिवस भुर्रकन गेले. सकाळी उठायच्या आधीच गाणं ठरलेलं असायचं. साठ-सत्तरनंतर ओढाताण सुरू झाली. आता ११८वा दिवस आहे, आणि रोज रात्री दहा वाजता मी मोबाईल घेऊन गाणी धुंडाळत बसते. काल तर असं गाणं पाठवलं जे मी स्वतः साडेनऊला पहिल्यांदा ऐकलं होतं, त्याच्याखाली "चाल फार गोड आहे" असं लिहिलं आणि रात्रभर मनाला लागून राहिलं. आवडतं म्हणून पाठवलं आणि ते आवडतं नव्हतंच. शिवाय मध्ये एक गाणं चुकून दोनदा गेलंय असाही संशय आहे, पण मागे जाऊन बघायचा धीर होत नाही.

बाबांचं उत्तर रोज एकच येतं. "ऐकलं." एवढंच. ११७ वेळा.

तर विचारायचं असं की कोणी असं वर्ष पूर्ण केलंय का? एकच गाणं परत पाठवलं तर चालतं का? आणि खरोखर आवडणारी ३६५ गाणी असतात का हो माणसाकडे?

कृष्णाकाठ
स्वागत ताई. सांगलीचा माणूस "बघू" म्हणाला की ते हो असतं, हे आधी लक्षात घ्या.

तबला_तिरकिट
३६५ काय, हजार असतात. आठवत नाहीत एवढंच. त्यामुळे गाण्यावरून गाणं शोधू नका, माणसावरून शोधा. एक संगीतकार धरायचा आणि आठवडाभर त्याच्याकडे मुक्काम ठोकायचा.

उदाहरणार्थ श्रीनिवास खळे. 'शुक्रतारा मंद वारा' तुम्ही पाठवलंच असेल. 'श्रावणात घननिळा बरसला'ही गेलं असणार. पण तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान' लताबाईंच्या आवाजात ज्या माणसाने दिलं त्याच माणसाने शाहीर साबळ्यांच्या पहाडी आवाजासाठी 'जय जय महाराष्ट्र माझा' बांधलं, हे दोन दिवस लागोपाठ पाठवून बघा. एकात आवाज आत आत ओढून घेतलाय आणि दुसऱ्यात डोंगरावर उभं राहून हाक मारलीय. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं तेव्हा राजा बढे आणि शाहिरांचं नाव सगळीकडे आलं, खळेकाकांचं त्या मानाने कमी ऐकू आलं, मला ते फार टोचलं होतं.

मग पु. ल. घ्या. लोक त्यांना पुस्तकातून ओळखतात, पण 'इंद्रायणी काठी', 'कबिराचे विणतो शेले', 'माझे जीवन गाणे' या तिन्ही चाली त्यांच्या. भीमसेनजी, माणिकताई, अभिषेकीबुवा, तीन गळे तीन तऱ्हेचे. मग आनंदघन घ्या, म्हणजे लताबाईच. 'ऐरणीच्या देवा' पाठवलंत का? झाला की पंधरवडा.

कल्याण_स्लो
@तबला_तिरकिट, माहिती मस्तच पण मला हे पटलं नाही. हा अभ्यासक्रम झाला. ताईंनी आवडतं गाणं पाठवीन म्हटलंय, महत्त्वाचं गाणं पाठवीन असं नाही म्हटलं.

आम्ही चार मित्रांनी २०१९ला केलं होतं हे. बावन्नाव्या दिवशी बंद पडलं. कारण सांगतो. पहिल्या महिन्यात एकजण गाणं टाकायचा आणि बाकीचे तिघं त्यावर बोलायचे. मग कोणीतरी एका दिवसात दोन टाकली, दुसऱ्याने पाच टाकली, मग ज्याला त्याला आपलं टाकायची घाई. शेवटी लोकलमध्ये उभ्या उभ्या मीच लिंक टाकत होतो आणि माझ्या वर आलेली तीन गाणी मी उघडलीसुद्धा नव्हती. बोलणारे चार आणि ऐकणारा कोणी नाही. ताई, तुमच्याकडे रोज "ऐकलं" म्हणणारा एक माणूस आहे. आमच्याकडे तो नव्हता म्हणून आमचं मोडलं.

रानपाखरू
+१. "ऐकलं" हा फार मोठा शब्द आहे. माझ्या नवऱ्याकडून वर्षातून दोनदा येतो.

पाडवा_ते_पाडवा
मी पूर्ण केलंय. आणि ३६५ नाही, ३८४ दिवस केलंय, त्याची गोष्ट सांगतो.

मी संकल्प गुढीपाडव्याला सोडला, २२ मार्च २०२३. घरच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं, या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत रोज एक मराठी गाणं. मार्चमध्ये सुरू करतोय म्हणजे मार्चमध्येच कुठेतरी संपेल असं डोक्यात. जुलैमध्ये आई म्हणाली, अरे यंदा अधिक श्रावण आहे ना? कालनिर्णय उलटून बघितलं तर पुढचा पाडवा ९ एप्रिल २०२४! त्यात २०२४ लीप वर्ष. मोजले तर ३८४ दिवस. शब्द दिलेला, मागे कसा घेणार, काढले एकोणीस दिवस जास्तीचे.

आता खरी गंमत. मी हे एका जाणत्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या आधी हे गीतरामायणाला घडलंय. पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत वाजलं १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला, शुक्रवार होता, सकाळी पावणेनऊ. दर शुक्रवारी नवीन गीत आणि तेच शनिवारी-रविवारी परत. वर्षाचे आठवडे ५२ म्हणून ५२ गाणी ठरलेली. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, पुढची रामनवमी गेली १९ एप्रिल १९५६वर, आणि गाणी झाली ५६. मी घरी येऊन दिवस मोजले. १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६. ३८४! मधलं १९५६ पण लीप वर्ष. अक्षरशः तेवढेच दिवस. मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं.

विचार करा मंडळी, आपल्याला तयार गाणं शोधून लिंक पाठवायला जीव जातो, तिथे गदिमा दर आठवड्याला गाणं नव्याने लिहीत होते आणि बाबूजी चाल लावून, गायक बसवून ते वेळेवर उभं करत होते, वर्षभर, खंड न पडता. पहिलंच गीत हातचं हरवलं, गदिमा परत लिहायला तयार होईनात, तेव्हा आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी लावली अशी आठवण सांगतात. ताई, तुम्हाला कडी लावणारा एक माणूस पाहिजे फक्त.

कृष्णाकाठ
३८४ 🙏 काका, हे वाचून मीपण मोजले. बरोबर आहेत.

इंदुरी_जिरावन
आमच्याकडे इंदूरला मराठी घरांमध्ये गाण्यांचं वेड महाराष्ट्रापेक्षा काकणभर जास्तच आहे असं मी म्हणीन, रागवू नका. अरुण दाते इंदूरचे, त्यांचे वडील रामूभैया दाते म्हणजे तर रसिकांचे राजे, आणि शेजारी देवासला कुमारजी. माझे आजोबा 'या जन्मावर या जगण्यावर' लागलं की पोह्याची बशी खाली ठेवून द्यायचे. चमचा वाजू नये म्हणून. गाणं संपलं की परत उचलायची, तोवर शेव मऊ पडलेली. आम्ही मुलं आमचे पोहे संपवून त्यांच्या बशीकडे बघत बसायचो.

मला आजही त्या गाण्याचा शेवट आला की मऊ शेवेची चव येते. ताई, आवडतं गाणं कशाला म्हणायचं तर माझ्यापुरतं हे असं.

निळी_पहाट
सगळ्यांच्या पोस्टी वाचल्या. छान आहेत. पण एक बोलू का? वरची सगळी नावं परत एकदा वाचा. खळे, पु.ल., गदिमा, बाबूजी, दाते. महाराष्ट्राचं गाणं एवढंच आहे का? ३६५ भरत नाहीत म्हणता, कशी भरणार, रेडिओसमोरच्या खोलीतून तुम्ही बाहेरच आला नाहीत.

आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस रात्री गाणी बसायची. वामनदादा कर्डकांचं गाणं आमच्या घरात कोणी कॅसेट आणून शिकवलं नाही, ते अंगणातच होतं, पाणी भरताना होतं. माझ्या आईला शाळा नाही, पण 'भीमा तुझ्या मताचे' तिला अख्खं पाठ, आणि म्हणताना ती पदर खोचून उभी राहायची, बसून म्हणायचं गाणं नाही ते. प्रल्हाददादा शिंद्यांचा आवाज तर सगळ्या महाराष्ट्राने ऐकलाय, 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागल्याशिवाय आषाढी होत नाही, पण तो आवाज भीमगीतं गात गात तिथं आलाय हे कितीजण बोलून दाखवतात? विठ्ठल उमप आहेत. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' आहे, ती छक्कड ऐकताना मैना म्हणजे बाई की महाराष्ट्रात न आलेला मुलूख हे शेवटपर्यंत एकमेकांत मिसळत जातं, असं गाणं मला दुसरं माहीत नाही.

भांडायला नाही लिहिलं. ताईंच्या २४७ दिवसांची मला काळजी आहे म्हणून लिहिलं.

तबला_तिरकिट
@निळी_पहाट, बरोबर बोललात. माझी यादी माझ्या घराच्या रेडिओएवढीच आहे, ती महाराष्ट्राएवढी आहे असं मी धरून चाललो होतो. वामनदादांची आणखी कुठून सुरुवात करावी ते सांगाल का? व्यनि (खाजगी निरोप) केला तरी चालेल.

निळी_पहाट
व्यनि कशाला, इथेच नवीन धागा काढते रविवारी. वाट बघा.

कल्याण_स्लो
हिंदी चालतं का पण ताई तुमच्यात? रफीशिवाय वर्ष कसं काढायचं?

रानपाखरू
रफी मराठीत आहे की! 'शोधिसी मानवा राऊळी मंदिरी'. श्रीकांत ठाकऱ्यांची चाल, वंदना विटणकरांचे शब्द. आणि मन्ना डेंचं 'घन घन माला नभी दाटल्या' पहिल्या पावसासाठी राखून ठेवा, जूनमध्ये लागेल. पहिला टपोरा थेंब पत्र्यावर पडला की पाठवायचं, आधी नाही.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून. आमच्याकडे उलटं आहे, आई पुण्याहून पाठवते आणि मी ऐकते. तिची सकाळ म्हणजे आमची आदली रात्र, त्यामुळे तिकडे भूपाळी सुरू असते आणि मी इकडे भांडी मशीनमध्ये लावत असते. आधी मी म्हणायचे, अगं संध्याकाळचं काहीतरी पाठव ना. आता नको वाटतं. दिवसाच्या शेवटी कोणीतरी दिवस सुरू करतंय हे बरं वाटतं. मुलगा सात वर्षांचा आहे, मराठी तोडकंमोडकं, पण 'दमलेल्या बाबाची कहाणी' लागली की बाबाच्या खांद्यावर चढून बसतो, शब्द कळोत न कळोत.

मधली_सुट्टी
आमच्या खानदानाच्या ग्रुपवरचा किस्सा. त्या दिवशी गाणं टाकायची पाळी आत्तेबहिणीची होती, तिला वाटलं आज शुक्रवार, तिने उत्साहात 'झिंगाट' टाकलं. नेमकी सर्वपित्री अमावस्या. आजोबांच्या नावाने पान वाढून सगळे कावळ्याची वाट बघत गच्चीवर, आणि थोरल्या काकांचा मोबाईल फुल आवाजात. अर्धा मिनिट कोणी हललं नाही. काका म्हणाले, "राहू दे, बाबांना नाचायला आवडायचंच." आणि कावळा आला हो! त्या वर्षीचं सगळ्यांना आठवणारं गाणं तेच.

कृष्णाकाठ
😂😂 कावळ्याला पण पाच मार्क.

फोंड्याची_वाट
परत पाठवण्याबद्दल. मी गोव्याचा, अभिषेकीबुवांच्या मंगेशीजवळचा, त्यामुळे नाट्यसंगीत रक्तात. आमच्याकडे एकच पद शंभरदा ऐकल्याशिवाय ते ऐकलं असं कोणी मानत नाही. गोव्यातल्या देवळातल्या उत्सवात तेच नाटक दरवर्षी लागतं आणि तीच माणसं त्याच पदाला वन्समोअर देतात.

'घेई छंद मकरंद' घ्या. 'कट्यार'मध्ये ते दोन घराण्यांच्या दोन तऱ्हांनी येतं, शब्द तेच, राग वेगळा, लय वेगळी. एक संथ उलगडतं, दुसरं भिंगरीसारखं फिरतं. वसंतरावांनी दोन्ही गायलीत. आता हे एक गाणं की दोन? 'सखी मंद झाल्या तारका' भीमसेनजींचं ऐका आणि मग बाबूजींचं. राम फाटकांची तीच चाल. भीमसेनजींच्या गळ्यात ती रात्र मोठी होते आणि बाबूजींच्या गळ्यात ती बाई जवळ येते. मी हे दोन दिवस लावून पाठवीन आणि कोणाची माफी मागणार नाही.

गाणं परत पाठवा. फक्त सोबतची ओळ परत पाठवू नका.

पाडवा_ते_पाडवा
शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी ३८४मध्ये अकरा गाणी परत पाठवली होती, आणि त्या अकराच्या अकरा दिवशी घरच्यांची उत्तरं जास्त लांब आली होती. तेव्हा कळलं नव्हतं का ते.

आजीची_गोधडी
थोडं वेगळं लिहिते, विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही.

आमच्या आजीला आम्ही नातवंडांनी असंच सांगितलं, आजी तू पण रोज एक गाणं सांग. तिला लिंक वगैरे काही नाही. ती म्हणाली, "मला कुठं गाणी येत्यात, मला दळणाचं येतंय." बीड जिल्ह्यातली आमची आजी, जातं आता दारात उलटं पडलंय, त्यावर कुंडी ठेवलीय. तिला नुसतं बस आणि म्हण म्हटलं तर एक शब्द येईना. मग तिने काय केलं, परात घेतली, पालथी घातली, आणि उजवा हात तिच्यावर गोल फिरवायला लागली. खुंटा धरल्यासारखी मूठ. दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि "पहिली माझी ओवी गं" सुरू झालं. हात थांबला की ओवी थांबायची. मध्ये माझ्या मामाचं नाव आलं, तिच्या भावाचं आलं, जो तिच्या लग्नाआधीच गेलेला. आम्ही कोणी त्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आईनेसुद्धा नाही.

एकवीस दिवस तिने सांगितलं. मग म्हणाली, "संपलं दळण." आम्ही म्हटलं आजी वर्षभर ना? ती म्हणाली, दळण संपल्यावर कोणी जातं फिरवतं का.

हेमा रायरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, बायकांच्या नावागावासकट. मी त्यात आमच्या गावाजवळची नावं शोधते कधीकधी.

सावलीतली_जाई
@आजीची_गोधडी, वाचून बराच वेळ तशीच बसले होते. परातीवर फिरणारा हात डोळ्यांसमोरून जात नाहीये.

सगळ्यांचे खूप आभार. @निळी_पहाट, तुमच्या धाग्याची वाट बघतेय. @फोंड्याची_वाट, माझ्याकडून जे दोनदा गेलंय असा संशय होता ते 'सांज ये गोकुळी' आहे, धीर करून मागे जाऊन पाहिलं. १० फेब्रुवारी आणि ७ एप्रिल. बाबा दोन्ही वेळा "ऐकलं" म्हणालेत.

काल ११९व्या दिवशी ठरवलं की न आवडलेलं पाठवायचं नाही. काही सुचलं नाही तर तसं सरळ लिहीन, आज गाणं नाही. कल्याण_स्लो म्हणतात ते मनाला लागलंय, ऐकणारा आहे तर खोटं कशाला. पण मला अजूनही कळत नाही बाबांना यातलं काय पोचतंय. शब्द एकच आहे हो.

वऱ्हाडी_ठेचा
जाईताई, थोडं स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे बाबा कमी बोलणारे आहेत हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे ना? मग गाणं पाठवल्यावर ते बोलके होतील असं कसं धरलं? माझे वडील अमरावतीचे, शिक्षक, सुरेश भट त्यांनी समोर बसून ऐकलेले. भटांची गझल घरात लागली की वडील उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आम्हाला वाटायचं यांना आवडत नाही. ते गेल्यावर आईने सांगितलं, अरे त्यांना डोळे पुसायचे असायचे, तुमच्यासमोर कसं पुसणार. मी चाळीस वर्षं समजत होतो की बाबांना 'मालवून टाक दीप' आवडत नाही.

म्हणून म्हणतो, फोनवर विचारू नका. भाऊ किंवा तुम्ही, कोणीतरी घरी जाऊन या. दुसऱ्या खोलीत काय चाललंय ते बघा.

रानपाखरू
वऱ्हाडीभाऊ 😢

कल्याण_स्लो
आज गाडी लेट होती, पूर्ण धागा परत वाचून काढला. ताई, पुढे काय झालं ते नक्की लिहा.

निळी_पहाट
वामनदादांचा धागा काढलाय मंडळी. तबलासाहेब, पहिली प्रतिक्रिया तुमची पाहिजे.

तबला_तिरकिट
आलोच.

सावलीतली_जाई
आज १३१वा दिवस. सांगायला आलेय.

भाऊ शनिवारी सांगलीला गेला होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं जरा दोन दिवस राहा. काल दुपारी त्याचा फोटो आला. बाबांच्या पलंगाजवळच्या टेबलावर बँकेतून फुकट मिळते ती या वर्षीची डायरी. बाबा आंघोळीला गेलेले तेव्हा त्याने उघडली. १ जानेवारीपासून रोजच्या पानावर बाबांचं अक्षर. वर नंबर, मग गाणं, गायक, आणि खाली चार-पाच ओळी. एकही दिवस सुटलेला नाही.

६ जानेवारीचं पान जसंच्या तसं लिहिते. "६. शुक्रतारा. प्रथम ऐकले ते जयसिंगपूर येथे, सायकलच्या दुकानात. ट्यूब पाण्यात घालून बुडबुडे बघण्याचे काम चालू होते. गाणे संपेपर्यंत थांब म्हणालो. तो थांबला. हवेचे पैसे घेतले नाहीत."

१० फेब्रुवारीच्या पानावर 'सांज ये गोकुळी'बद्दल दोनच ओळी आहेत, सुधीर मोघे आणि श्रीधर फडके ही नावं आणि "आशाबाई उत्तम." ७ एप्रिलचं पान मात्र पूर्ण भरलंय. त्या दिवशी मी गाण्याबरोबर लिहिलं होतं की ऑफिसातून येताना नदीच्या पुलावर अडकले, खाली काठाने म्हशी घरी निघाल्या होत्या आणि अंधार वरून न येता त्यांच्या पायांच्या धुळीतून वर चढत होता. बाबांनी लिहिलंय, "९७. पुन्हा तेच गाणे. क्र. ४१ पाहावा. पण पोरीने या खेपेस नीट ऐकलेले दिसते. आमच्या गावी गोठ्याकडे जाताना असाच अंधार पायाकडून येत असे. हिच्या आईला अंधाराची भीती वाटे, म्हणून ती या वेळी मुद्दाम मोठ्याने काहीतरी गुणगुणत असे. कोणते गाणे ते आठवत नाही. आठवले की पाठवीन."

आणि २७ एप्रिल. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं ना, साडेनऊला पहिल्यांदा ऐकून पाठवलेलं, तेच. "११७. पोरीला हे गाणे मनापासून आवडलेले नाही. दोनदा ऐकून पाहिले."

मी फोटो बघून बाथरूममध्ये जाऊन रडले, ऑफिसातच होते.

वऱ्हाडी_ठेचा
🙏

आजीची_गोधडी
"आठवले की पाठवीन." आता थांबायचं नाही ताई.

पाडवा_ते_पाडवा
दोनदा ऐकून पाहिले! असा श्रोता गदिमा-बाबूजींना मिळाला होता, आणि एक तुम्हाला.

फोंड्याची_वाट
डायरीबद्दल बाबांना कळलं का मग?

सावलीतली_जाई
कळलं. भावाला खोटं बोलता येत नाही, त्याने रात्री जेवताना सांगून टाकलं की ताईला फोटो पाठवला. मला वाटलं बाबा चिडतील. त्यांचा स्वतःहून फोन आला, चौदा मिनिटं बोललो. गाण्याबद्दल एक शब्द नाही, डायरीबद्दल नाही, आंब्याच्या भावाबद्दल आणि शेजारच्यांच्या नव्या बोअरबद्दल बोलले. ठेवताना म्हणाले, "एक सांगायचं होतं. त्या डायरीत रविवारचं पान अर्धंच असतं. रविवारी लहान गाणं पाठवत जा."

तर मंडळी, तीन मिनिटांच्या आतली गाणी सुचवा. रविवार बरेच उरलेत.

रानपाखरू
जुन्या ७८च्या तबकड्यांवरची सगळी घ्या, एका बाजूला मावायचीच तेवढी. माणिक वर्मांपासून सुरू करा.

निळी_पहाट
पाळणे घ्या. आमच्याकडे बाबासाहेबांचा पाळणा आहे, जिजाऊंचा आहे. मी आईकडून म्हणून घेते, रेकॉर्ड करून टाकते उद्या. किती मिनिटं होतील ते मात्र तिच्या हातात.